अंधारातली बास्केट

३ मार्च

फूटपट्टीस,

पत्राच्या वर काय लिहावं यातच सकाळचा चहा निवून गेला. ‘प्रिय’ला हात वळेना. ‘माननीय अध्यक्ष’ लिहावं तर तुला ते खरंच वाटायचं. म्हणून शाळेच्या मैदानावर पडलेलं नावच बरं. तेव्हा तू उंच होतास, बारीक होतास, आणि कुणाची एक रेघ वाकडी गेलेली तुला खपत नसे. त्या सरळपणाचं पुढे काय झालं, एवढंच विचारायला हे पत्र.

तुझ्या सहीची नोटीस काल घरी आली. सुनावणी होईपर्यंत माझ्या लेकीनं पंचाची शिट्टी फुंकायची नाही, आणि सुनावणीत दोषी ठरली तर पुन्हा कधीच नाही. नोटिशीत तिला तू ‘सदर पंच’ म्हटलं आहेस. सदर! अरे, जिला खांद्यावर बसवून तू रिंगला हात लावू दिलास ती ही. तुला आतोबा म्हणते ती. तिनं तुझं काय घोडं मारलं?

आधी फोनच केला. दर वेळी उचलते माझी धाकटी. तुझी बायको असली तरी आधी माझी बहीण आहे, आणि तिला खोटं बोलता येत नाही हे मला ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक आहे. ‘दादा, ते बाहेर गेलेत रे.’ आणि मागे टीव्ही असा बोंबलतोय की इथे मला सगळ्या बातम्या पाठ झाल्या. टीव्ही कुणासाठी लावला होता, भिंतींसाठी? माझा आवाज कानावर पडू नये म्हणून बटण पिळून ठेवायचं, ही कुठली रीत?

सामन्यात काय झालं ते तुला कागदावरून कळलं आहे. आता ज्यानं तिथे बसून अनुभवलं त्याच्याकडून ऐक. मी वरच्या बाकावर होतो, थर्मास मांडीवर घेऊन. अंतिम सामना, शेवटचं मिनिट, पांढरे एका गुणानं पुढे. पिवळ्यांच्या सहा नंबरनं कोपऱ्यातून उडी घेतली, चेंडू त्याच्या हातातून सुटला, आणि दिवे गेले. सगळेच. गुणफलकसुद्धा. लेक रिंगखाली उभी होती. पोरं अंधारात एकमेकांवर आदळतील म्हणून तिनं शिट्टी मारली. दिवे आले तेव्हा चेंडू लांब भिंतीपाशी पडलेला. आत जाऊन आला की बाहेरून गेला? पिवळे म्हणाले आत, पांढरे म्हणाले बाहेर. सहपंच मध्यरेषेवर होता, त्यानं खांदे उडवले. आणि आमच्या लेकीनं दोन बोटं वर करून मनगट खाली झटकलं. दोन गुण. उरलेल्या वेळात पांढऱ्यांना काही जमलं नाही. पिवळे जिंकले.

पांढऱ्यांचा मॅनेजर धावत आला. ‘तुम्ही पाहिलंत?’

‘नाही.’

‘मग?’

‘ऐकलं.’

‘ऐकलं?’ असं म्हणून तो जो हसायला लागला तो अजून हसतोच आहे म्हणे. त्याचं हसू मी समजू शकतो. त्याचा चषक गेला आहे. पण तू? ऐकून बास्केट कळते की नाही, हे या जगात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि तूच तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास!

 शिट्टीची दोरी लेकीनं धुऊन गॅलरीत वाळत घातली आहे. वाळून दोन दिवस झाले, काढत नाही.

तुझा (नाइलाजानं) मेव्हणा,
कविराज


७ मार्च

फूटपट्टी,

तुझं उत्तर पोहोचलं. एक ओळ. ‘मुद्दे सुनावणीत मांडावेत.’ वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत तू वर्गात मला चिठ्ठ्या पाठवायचास त्याही याहून लांब असायच्या.

बरं. मुद्दे हवेत ना? घे.

नियमांचं पुस्तक माझंही पाठ आहे. माझ्या डोक्यात कवितेखेरीज दुसरं काही टिकलं असेल तर तेच. बास्केट कधी होते? जिवंत चेंडू वरून रिंगमध्ये शिरला आणि आत राहिला किंवा खाली निघून गेला की होते. ‘पंचाने डोळ्यांनी पाहिल्यास’ असं कुठे आहे त्यात? दाखव मला. शिट्टी वाजली म्हणून हवेतला फेकलेला चेंडू मरत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि जे पुस्तकात नाही ते मुख्य पंचानं जागेवर ठरवायचं, हे त्या पुस्तकातलं सगळ्यात शहाणं वाक्य. ते लिहिणारा माणूस मैदानावर उभा राहिलेला असणार. खुर्चीत नव्हे.

तुला कबुतर आठवतं का? उघड्या मैदानावरचा सामना, आपण दोघं पंच, ऊन उतरत आलेलं. फ्री थ्रोचा चेंडू हातातून सुटतो तोच कबुतर येऊन रिंगवर बसलं. चेंडू त्याच्या शेपटाला लागून आत पडला. दोन्ही संघ तुझ्या अंगावर आले. एक प्रशिक्षक ओरडत होता, ‘कबुतर कुणाच्या बाजूचं ते आधी सांगा!’ मी हसू दाबायला पाठ फिरवली. आणि तू, ढिम्म न हलता, म्हणालास, ‘बसलं होतं ना? मग ते रिंगचा भाग. उडत असतं तर वेगळा विचार केला असता.’ एक गुण. खेळ सुरू. भांडणारे डोकं खाजवत जागेवर गेले.

घरी येताना मी विचारलं, ‘हे तू कुठून काढलंस रे?’ तू म्हणालास, ‘खेळ थांबू नये, इथून.’

पुस्तकात कबुतर नव्हतं. तुझी शिट्टी कुणी काढून घेतली नाही.

आणि पाठमोरं खेळायचो ते विसरलास? तेही मीच सांगायचं? पहाटे कोर्टावर आपण दोघंच. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं रिंगकडे पाठ करून सांगायचं: आत, बाहेर, रिंगला लागून आत, बोर्डाला लागून बाहेर. हरेल त्यानं अख्ख्या संघाच्या घामट जर्सी धुवायच्या. माझ्या हातांना साबणाचा वास कायमचा बसला होता, कारण तू हरायचाच नाहीस. तूच मला शिकवलंस की चेंडू स्वच्छ आत गेला की जाळीचे दोन आवाज होतात. आधी सर्रकन चेंडू जातो, मग जाळीचं टोक वर उडून खाली पडतं, टप्. बाहेरून घासला तर नुसतंच फस्स, टप् नाही. तू तर जाळी कोरडी आहे की दवानं भिजलेली, तेही सांगायचास. मला वाटायचं या माणसाला पाठीलाही कान आहेत.

लेकीला मी तेच शिकवलं. ती दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हापासून. तिची पाठ तुझ्यासारखी ताठ असते पाठमोरं उभी राहिली की.

कवितेचे मास्तर काय म्हणायचे? ‘डोळे मिटा रे. कविता आधी कानानं वाचा, डोळे फसतात.’ मग एखाद्या ओळीतली एक मात्रा मुद्दाम गाळून म्हणायचे, आणि जिथे ओळ लंगडली तिथे आपण हात वर करायचा. तू शेवटच्या बाकावर चक्क झोपलेला असायचास, पण हात नेमका तिथेच वर. मास्तरांना तुझा राग येत असे आणि कौतुकही. अजूनही मैदानाच्या कडेनं जाताना कुणी चेंडू आपटत पळालं की मला भुजंगप्रयात ऐकू येतो, लगागा लगागा, आणि मी क्षणभर कुठे निघालो होतो तेच विसरतो. परवा असाच विसरलो. दूध आणायला गेलो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

पण रागाचं विसरलेलो नाही. तो या पत्रात पुरेसा उतरला नसेल तर कळव.

कविराज


११ मार्च

तुझ्या दारातून परत आलो आहे. चप्पलही न काढता लिहायला बसलोय, अक्षर लावून वाच.

लेकीनं बजावलं होतं, ‘बाबा, आतोबांकडे जाऊ नका. नात्याचं वजन टाकलं म्हणतील.’ तरी गेलो. वजन टाकायला नाही, जाब विचारायला. शिवाय तुमच्या समितीच्या चिटणीसानंच मला अभय दिलं होतं. मी त्याला विचारलं की अहो, अध्यक्ष पंचाचा नातेवाईक, हे चालतं कसं? तो म्हणाला, ‘तुमचं-त्यांचं बोलणं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच येत नाही!’ आपल्या भांडणाचा असा सार्वजनिक उपयोग होत असेल याची मला कल्पना नव्हती.

तर, तुझी गल्ली. तुझं दार. घंटा दाबली. कुणी नाही. पुन्हा दाबली, दाबूनच धरली. बाजूच्या खिडकीतून डोकावलो तर तू आत. दाराकडे पाठ, हातात पेपर, पाय स्टुलावर. मी काचेशी तोंड नेऊन हाक मारली, ‘ए फूटपट्टी!’ शाळेत मारायचो तशी, सगळा दम लावून. वरच्या मजल्यावरून एक बाई डोकावल्या. ‘आजोबा, हळू हो! बाळ उठलं ना!’

ऐकलंस? वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं. आणि तू पान उलटलंस.

इतका निगरगट्टपणा! पायपुसण्याला लाथ मारून मी निघालो. ते तुला जिन्यात सापडेल.

वाटभर जुनं सगळं वर आलं. इतकी वर्षं मी ते वाक्य ओठांवर आणलं नाही, आज आणतो. आपला शेवटचा सामना. चेंडू रिंग आणि बोर्ड यांच्यामध्ये जाऊन बसला, एका पोरानं उडी मारून खालून बोट लावलं आणि तो आत पडला. मी म्हटलं, अडकला तेव्हाच मेला, गुण नाहीत. तू म्हणालास, अडकला नव्हता, फिरत होता. मुख्य पंच तू, चाललं तुझं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तेव्हाही नव्हतं. फिरत असेल. अशा वेळी दोन माणसांना दोन गोष्टी दिसतात, म्हणून तर दोन पंच असतात.

पण मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेव्हा दोन्ही संघांसमोर, लहान लहान पोरांसमोर, तू म्हणालास, ‘तुला दिसत नाही, तर शिट्टी कशाला वाजवतोस?’

एवढंच म्हणून थांबला नाहीस. डोळे तपासून घ्यावेत अशी शिफारस केलीस. डॉक्टरांच्या भिंतीवरची अक्षरं मला एखाद्या जुन्या कवितेसारखी दिसली, वरच्या दोन ओळी स्वच्छ, पुढचं सगळं कल्पनेनं. माझी शिट्टी गेली. ती जाणारच होती, आज ना उद्या. पण तू मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, ‘बस झालं आता, कविराज’ म्हणाला असतास तर मी त्याच दिवशी ती तुझ्या हातात दिली असती.

आधी बापाची घेतलीस. आता लेकीची घे. घरात तिसरी शिट्टी नाही, कुकरची सोडून.


१५ मार्च

फूटपट्टी,

आज धाकटी आली होती. तिला तू पाठवलं नाहीस हे ती आल्या आल्या म्हणाली. पायपुसणं पाहून तिनं ओळखलं म्हणे की कोण येऊन गेलं असेल.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलली. ‘दादा, तुला काही कळतं का रे? त्यांना ऐकू येत नाही.’

मी म्हटलं, ‘मला टोमणे मारू नकोस.’

‘टोमणा नाही. खरंच नाही येत. डावा कान केव्हाच गेला, उजवाही हळूहळू गेला. टीव्ही मोठ्ठा करतात आणि ओठ बघत बसतात. फोन आला की मी सांगते बाहेर गेलेत. मला खोटं बोलायचा वीट आलाय, दादा.’

‘आणि कानातलं यंत्र?’

‘आणलंय. कपाटात आहे. घातलं तर समितीला दिसेल ना.’

‘दिसलं तर दिसलं!’

‘हेच मी म्हणते. तर म्हणतात, ज्या माणसाला मी चारचौघांत बोललो त्याच्यासमोर आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?’

ती गेली. तुला काय वाटलं, माझा राग गेला? वाढला. खिडकीशी मी घसा फोडत होतो आणि तू पेपर वाचत होतास, त्यासाठी आता तुला दोषही देता येत नाही, याचा तर जास्तच. दव पडलेली जाळी ओळखणारे ते कान! आणि मला कुणी सांगितलं नाही. मी काय परका होतो? मेलो होतो?

मग दुसरी गोष्ट मनात आली. ती लपवत नाही. ते वाक्य इतकी वर्षं मी जपून ठेवलं आहे, धार लावून. एक शब्द बदलला की झालं. चिटणीसाला एक फोन, ‘तुमच्या अध्यक्षाला ऐकू येत नाही, तो ऐकण्याचा निकाल कसा देणार?’ आणि सुनावणी तिथेच कोसळेल. फोन हातात घेतलाही होता.

लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे कान काय विचारतोस.

‘बाबा, नाही.’

‘अगं, तुझी शिट्टी वाचेल.’

‘माझी शिट्टी मला जे ऐकू आलं त्यावर टिकू दे. आतोबांना ऐकू येत नाही त्यावर नको.’

‘आणि नाही टिकली तर?’

‘तर गेली.’ असं म्हणून गॅलरीत जाऊन ती दोरी घेऊन आली आणि घडी घालून खिशात ठेवली.

म्हणून फोन खाली ठेवला. कुणाला सांगणार नाही. तुला मात्र हे पत्र टाकतो आहे, कारण मला कळलं आहे हे तुला कळायला हवं. मी गप्प बसेन. पण आवाजाच्या खटल्यात तू न्यायाला बसणार, हे तुझ्या मनाला कसं पटतं, याचं उत्तर मला नको. स्वतःला दे.

यंत्र कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, गाढवा.

कविराज


२० मार्च

फूटपट्टी,

काल तू माझ्या शेजारी येऊन बसलास आणि मग उठून मागच्या दारानं निघून गेलास. मला हाक मारता येईना. मारूनही उपयोग नव्हता, हे कळेपर्यंत तू जिना उतरला होतास. म्हणून पुन्हा लिहितो. तुला जे ऐकू आलं नाही तेही यात आहे.

हॉलशेजारची ती चषकांची खोली. टेबलामागे समितीतले तिघं: तू, तो निवृत्त प्रशिक्षक आणि डॉक्टरबाई. पांढऱ्यांचा मॅनेजर अजून हसतच होता. लेक उभी राहिली आणि तिचं पहिलं वाक्य ऐकून मी चमकलो. ती नेहमी भरभर बोलते. काल ती तुझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सोडवून बोलत होती. चिटणीस तिला म्हणाला, ‘इकडे बघून बोला, मला लिहून घ्यायचंय.’ ती म्हणाली, ‘मी अध्यक्षांशी बोलते आहे.’ आणि हलली नाही. तुला कळलंच असेल.

मॅनेजर म्हणाला, ‘एवढे तिखट कान आहेत ना? मग घ्या परीक्षा. फेकणारा खेळाडू माझा.’ काय तो तोरा! अंतिम सामन्यात निकाल देणाऱ्या पंचाला जत्रेतल्या पोपटासारखं उभं करायचं. मी ताडकन उठलो होतो, पण लेक म्हणाली, ‘चालेल.’

हॉलमध्ये ती रिंगकडे पाठ करून उभी राहिली. तू तिच्यापासून हातभर अंतरावर. पहिला चेंडू. ‘बोर्डाला लागून आत.’ बरोबर. दुसरा. ‘बाहेर. जाळीला घासून.’ बरोबर. मॅनेजरचं हसू आटायला लागलं. पुढचा. ‘स्वच्छ आत.’ बरोबर. मग त्याच्या खेळाडूनं चेंडू सोडला तेव्हाच मॅनेजरनं पायानं खुर्ची ढकलली. करकर झाली ती मुद्दाम, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला कळलं.

लेक म्हणाली, ‘नाही सांगता येत. खुर्ची वाजली.’

‘बघा!’ मॅनेजर ओरडला. ‘एक खुर्ची वाजली तर ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी अख्खा हॉल भरलेला होता!’

‘दिवे गेले की लोक लगेच ओरडत नाहीत,’ ती तुझ्याकडेच बघत म्हणाली. ‘आधी सगळे श्वास आत घेतात. चेंडू त्या श्वासात गेला. दोन्ही आवाज आले. मग लोक ओरडले.’

डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘आणि नसते आले तर?’

‘तर गुण दिले नसते. आत्ता म्हटलं तसंच म्हटलं असतं, सांगता येत नाही.’

तेव्हा मॅनेजर तुझ्याकडे वळला. तू तिच्याकडे बघत होतास म्हणून तुझ्या दंडाला धरून त्यानं तुला वळवलं. ‘अध्यक्षसाहेब, तुम्ही तर तिच्या शेजारीच होतात. खुर्ची वाजली तेव्हा जाळी वाजली का? हो की नाही, एवढंच सांगा.’

हॉलमधली सगळी माणसं तुझ्याकडे बघायला लागली. तुझे डोळे त्याच्या ओठांवर होते, तुला प्रश्न कळला हे मला दिसलं. तू ‘नाही’ म्हणाला असतास तर ते खपून गेलं असतं. ‘हो’ म्हणाला असतास तरी खपलं असतं. मी मागच्या बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती. माझं पत्र तुझ्या वरच्या खिशात होतं, कोपरा बाहेर आलेला. तेवढं मला लांबूनही दिसतं.

तू म्हणालास, ‘मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही.’

तुझा आवाज केवढा लागतो हे तुला आता कळत नाही. तू ओरडून बोललास. भिंतीवरून ते वाक्य परत आलं. आणि हॉलनं, लेक म्हणाली होती अगदी तसाच, श्वास आत घेतला.

मग तू म्हणालास, ‘एका पंचाला मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, तुला दिसत नाही तर शिट्टी कशाला वाजवतोस. आता मला ऐकू येत नाही, तर मी या खुर्चीत कशाला?’

माझं वाक्य होतं ते. तुझं असलं तरी माझं झालेलं. इतकी वर्षं घासून पुसून ठेवलेलं. आणि तू ते माझ्या हातातून काढून घेऊन स्वतःवरच वापरलंस! मला विचारायचं तरी.

तू माझ्या शेजारी येऊन बसलास त्यानंतरचं आता ऐक. चिटणीसानं तुझा राजीनामा जागच्या जागी मंजूर केला. एवढी वर्षं त्या खुर्चीत घालवलेल्या माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मॅनेजरनं तुझी माफी मागितली, तुझ्या पाठीला, आणि लेकीची मागितली नाही. याचा मला आलेला संताप मी इथे लिहीत नाही, कागद कमी आहे. उरलेले दोघे बाजूला जाऊन कुजबुजले. प्रशिक्षकानं निकाल वाचला: जे पुस्तकात नाही ते मुख्य पंचानं ठरवायचं, तिनं ठरवलं, तक्रार फेटाळली. शिट्टी तिची. शिवाय पुढच्या हंगामापासून पुस्तकात ‘पंचाने पाहिल्यास’ असे शब्द घालायचा विचार आहे म्हणे. घाला! कबुतरांसाठीही एक कलम घाला!

लेकीनं खिशातून दोरी काढली, शिट्टी ओवली आणि गळ्यात घातली. मग ती तुला शोधत मागच्या दाराशी गेली. तू निघून गेला होतास. परत येऊन मला म्हणाली, ‘बाबा, आतोबांना आज मी काय सांगत होते ते सगळं कळलं असेल ना?’ मी म्हटलं, ‘कळलं.’ बरोबर सांगितलं ना?

तर आता भांडणाचं. ते संपलेलं नाही. माझ्याकडे बरंच शिल्लक आहे: जर्सी, ते वाक्य, टीव्ही, न सांगितलेले कान. हे सगळं मला समोरासमोर बसून, तुला ओठ दिसतील असं, सावकाश भांडायचं आहे. मला तुझा चेहरा धूसर दिसेल, पण तू चिडलास की तुझी मान ताठ होते, ती दिसते. रविवारी संध्याकाळी येतो. लेकही येणार आहे, चेंडू घेऊन. यंत्र कपाटातून काढून ठेव, तिला तुझ्याबरोबर पाठमोरं खेळायचं आहे, आणि हरलास तर जर्सी या वेळी तू धुवायच्या.

घंटा वाजवणार नाही, हाकही मारणार नाही. वरच्या बाळाला झोपू दे. धाकटीला सांगून ठेवलंय, मी दाराशी आलो की तिनं खोलीतल्या दिव्याचं बटण खालीवर करायचं. पेपर वाचताना दिवे गेले तर दचकू नकोस. समज, मी आलोय.

कविराज